पाठमोरा गड

"मग तुम्ही एक शब्द टाकाल ना, बुवा?"

निळकंठनं पुन्हा विचारलं.

दाजीबुवा भिंतीवरचं एक जुनं चित्र फडक्यानं पुसत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"तुमचा शब्द इथं कोणी खाली पडू देत नाही. तुम्ही नुसतं म्हणा, चित्र चांगलं आहे. माझी भिंत वाचेल."

"चांगलं आहे का?"

"तुम्हीच येऊन बघा की."

"मी तुला विचारलं."

"माझ्या हातून याहून चांगलं काही झालेलं नाही."

"हं…" बुवा म्हणाले, आणि पुसत राहिले.

दाजीबुवा म्हणजे गडाच्या पायथ्याचे म्हातारे चितारी. देवळांच्या भिंती, रथाच्या फळ्या, सोंगांचे मुखवटे, सगळं त्यांनी रंगवलेलं. निळकंठ लहानपणापासून त्यांच्याजवळ शिकला, मग शहरात गेला आणि मोठा झाला. त्यानं काढलेला माणूस बघून कुत्रं भुंकतं, असं लोक सांगायचे. निळकंठही सांगायचा.

गडाखाली देवीच्या ठाण्याशी नवी धर्मशाळा झाली होती. गडाभोवतीच्या सगळ्या गावांनी मिळून बांधली. दगड डोक्यावर वाहिले, बायकांनी जमीन चोपली. जत्रेला सगळी गावं तिथंच उतरणार, बाया-पोरं तिथंच निजणार. तिची आतली लांबच लांब भिंत निळकंठला दिली होती. त्यावर गड काढायचा.

त्यानं काढला.

उंबरी गावच्या पारापाशी त्यानं खुंटी ठोकली. रोज त्याच खुंटीपाशी बसायचं, ऊन उतरायला लागलं की. एक डोळा मिटायचा, हात लांब करून कुंचला धरायचा आणि माप घ्यायचं. जागा बोटभरही हलू द्यायची नाही.

भिंतीवर मोठा दरवाजा आला. त्याच्या दोन्ही अंगांचे बुरूज आले, वर जाणाऱ्या पायऱ्या आल्या, तटावरचं तांबूस ऊन आलं. दरवाज्याचे खिळे तर असे, की हात लावला तर बोटाला गार लागतील.

उंबरीची माणसं बघायला आली आणि हात जोडून उभी राहिली.

मग गडाच्या मागच्या अंगाची, कातळपाड्याची माणसं आली.

ती बराच वेळ बघत राहिली. एकमेकांकडंही बघितलं. शेवटी भागाबाई पुढं झाली. पोक्त बाई, तोंडानं फटकळ, पण कुणाचं बाळंतपण असलं की पहिली धावणारी.

"चित्र झ्याक हाय," ती म्हणाली. "पर ह्यो गड कुठला?"

लोक हसले. निळकंठ हसला नाही.

त्यानं सांगितलं, हा तुमचाच गड. ती म्हणाली, आमच्या गडाला दार नाही. आमच्या गडाला बैलासारखी दोन शिंगं आहेत आणि खाली सरळसोट कडा. घळवाडीचा एक जण म्हणाला, आमच्याकडून तर गड उपड्या परातीसारखा दिसतो, वर सपाट आणि चहूकडं उतार. मग ज्यानं त्यानं आपापला गड सांगायला सुरुवात केली.

निळकंठ चिडला. तो म्हणाला, गडाला तोंड एकच असतं, दरवाजा असतो तिकडं. पाठीचं चित्र कोणी काढत नाही.

भागाबाईनं कमरेवर हात ठेवले.

"म्हंजे आमी जलमभर गडाच्या पाठीलाच निरांजन ओवाळतोय म्हना की."

यावर उंबरीचीसुद्धा माणसं हसली.

पण भागाबाईचं म्हणणं नुसतं मानापानाचं नव्हतं.

त्या गावांमध्ये एक रीत आहे. मूल पाऊल टाकायला लागलं की आई त्याला कडेवर घेते आणि पायथ्यापायथ्यानं सबंध गडाला वळसा घालते. प्रत्येक गावाशी थांबते. मुलाची हनुवटी धरून तोंड वर करते आणि सांगते, हा बघ आपला गड. पुढच्या गावाशी गड अगदीच वेगळा दिसतो. तिथंही सांगते, हाही आपलाच. का, तर मूल पुढं कधी गुरांमागं रानात चुकलं, तर त्यानं कुठूनही वर बघावं आणि त्याला कळावं, घर जवळ आहे.

भागाबाईची लेक सगुणा लहान होती तेव्हा भागाबाई अंथरुणाला खिळलेली. वळसा राहून गेला. नंतर करू, नंतर करू, म्हणता म्हणता पोर मोठी झाली.

एकदा सगुणा करडांमागं गेली. रान ओलांडून उंबरीच्या अंगाला निघाली. वर बघितलं तर गड. दरवाजा, बुरूज, पायऱ्या. पोरीला वाटलं, हा कुठला तरी परका गड, आपण फार लांब आलो. तिनं गडाकडं पाठ केली आणि घर शोधायला उलटी धावत सुटली.

सापडली. पण दुसऱ्या दिवशी, पार नदीच्या काठाला, झुडपात अंग चोरून बसलेली.

अजूनही सगुणा बाहेरून आली की भागाबाई आधी तिचे पाय बघते, मग तोंड.

म्हणून भागाबाईनं सगळ्यांसमोर सांगितलं, जत्रेत पोरं या भिंतीकडं बघत निजणार. डोळा लागेपर्यंत जे बघतील तेच डोक्यात बसणार. त्यांना हा एकच गड शिकवायचा असेल, तर त्यापेक्षा भिंत पांढरी राहिलेली बरी.

हे ऐकल्यावर कोणी हसलं नाही. आयांनी तर आपापली पोरं जवळ ओढली, उंबरीच्यांनीसुद्धा.

जत्रेआधी चुना मारायचा ठरला. दाजीबुवांनी वेगळं काही सांगितलं तरच थांबायचं.

म्हणून निळकंठ आला होता.

"बायकांच्या भीतीपायी चित्र पुसायचं का, बुवा?"

बुवांचा हात थांबला.

"भीती नसती, तर त्या पोरीला दुसऱ्या दिवशीपर्यंत शोधलं कुणी असतं?"



बुवांनी भिंतीवरचं चित्र खिळ्यावरून उतरवलं आणि त्याच्या हातात दिलं.

"धर. मागची कोळिष्टकं काढतो."

ते चित्र निळकंठला पाठ होतं. परमुलखातल्या एका गडाचं होतं. तिकडच्या कोणा चिताऱ्यानं फार वर्षांपूर्वी काढलेलं. त्याची छापील प्रत एका पाद्रीबाबांनी गाव सोडताना बुवांना दिली होती. बुवांनी ती फळीवर डकवली, वर काच बसवली. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकदा तरी त्या चित्रासमोर बसवत, आणि आपण बाहेर निघून जात.

निळकंठला बसवलं होतं तेव्हा तो खूप हसला होता. घरं अशी, की खोकी एकावर एक रचलीत. छपरं कलंडलेली. टोकाला गड, तोही त्या खोक्यांत अडकल्यासारखा. खिडक्या जवळपास नाहीत, आभाळ तर चिमूटभर. त्यानं तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, या माणसाला सरळ रेघ येत नसावी.

आता ते चित्र हातात होतं. आणि बुवांना कोळिष्टकं काढायची काही घाई दिसत नव्हती.

"चितारी कुठं बसला होता, सांग," बुवा भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले.

"कोण?"

"हे काढणारा. तुला जागा ओळखता येते ना?"

खरंच येत होती. कुठलंही चित्र दाखवा, निळकंठ काढणाऱ्याची जागा सांगायचा. उभा होता की बसलेला, किती उंचावर, ऊन कुठल्या हाताला. शहरात यावर लोक पैजा लावायचे आणि हरायचे.

त्यानं चित्र दाराच्या उजेडात नेलं. एक डोळा मिटला.

"खाली बसला होता. ही भिंत खालून बघितलेली आहे."

"बरं."

"नाही… या छपराची वरची बाजू दिसते. म्हणजे उंचावर होता. समोर टेकडी असणार."

"मग टेकडीवर."

"पण टेकडीवर असेल तर ही भिंत अशी…"

तो थांबला. त्याचं बोट काचेवरून सरकत राहिलं. एका घरापाशी थबकायचं, पुढं जायचं, परत मागं यायचं.

"डावीकडच्या घराला ऊन डावीकडून आहे. त्याच्या शेजारच्याला उजवीकडून. दोन सूर्य कसे असतील, बुवा?"

"एकाच दिवशी काढलं असं कोण म्हणालं?"

"पण जागा तरी एक हवी. बसायची जागा धरून ठेवायची, हे तुम्हीच शिकवलंत. खुंटी तुम्हीच ठोकायला लावलीत."

"लावली. उपटायची शिकवणार होतो, तेवढ्यात तू शहरात गेलास."

निळकंठनं मिटलेला डोळा उघडला.

आणि तो चित्र परत पहिल्यापासून बघायला लागला.

रंग थोडेच होते. हिरवा, मातीचा, राखाडी. पण हिरवा झाडापाशी थांबत नव्हता. झाडाची कड एका अंगानं उघडी सोडली होती. तिथून हिरवा शेजारच्या भिंतीत शिरला होता, आणि भिंतीचा राखाडी झाडात आला होता. कुणी पुढं नव्हतं, कुणी मागं नव्हतं. घरं एकमेकांना खांदा देऊन वर निघाली होती. नजर एका छपरावर टेकली, की ते छप्पर तिला वरच्या भिंतीच्या हवाली करायचं. ती भिंत तिला आणखी वर द्यायची.

टोकाचा गड खरं तर लांब असायला हवा. पण तो पुढं झुकून जवळ आला होता, पाळण्यावर कुणी वाकावं तसा.

इतकी वाकडी घरं, आणि त्यातलं एकही पडत नव्हतं.

सरळ रेघ न येणाऱ्याचं हे काम नाही, हे निळकंठला कळलं. आणि कळलं ते त्याला आवडलं नाही.

"पण यात दार कुठं आहे?" तो जरा जोरातच म्हणाला. "वाट नाही, पायरी नाही. माणसानं आत शिरायचं कुठून?"

"तू कुठून शिरलास?"

निळकंठनं चटकन चित्र खाली केलं. पण डोळे त्यावरच राहिले.

बुवा येऊन उंबऱ्यावर बसले. फडकं झटकलं, घडी घातली, मांडीवर ठेवलं.

"तुझी आई कशी दिसायची रे, निळू?"

निळकंठ दचकला. आई जाऊन खूप वर्षं झाली होती. तिचा एकच फोटो होता, लग्नातला. त्यावरून त्यानं तिचं मोठं चित्र केलं होतं. शहरातल्या घरी दर्शनी भिंतीवर होतं. येणारा-जाणारा म्हणायचा, जणू आत्ता बोलेल.

त्यानं ते सांगितलं. म्हणाला, तशीच दिसायची.

"चित्र नको. आई सांग."

"कपाळ मोठं होतं. नाक…"

"डोळे मीट."

सवयीनं त्यानं एकच डोळा मिटला.

बुवा हसले. "दोन्ही, बाबा. दोन्ही."

त्यानं दोन्ही मिटले.

आधी काहीच आलं नाही. मग हनुवटी आली. खालून दिसलेली, मांडीवर पडलेल्या पोराला दिसते तशी, आणि तिच्यावरचा गोंदणाचा ठिपका. कान आला, अगदी गालाशी, कडेवर बसल्यावर दिसतो तेवढा मोठा, कुडीचा मोती टोचणारा. पाठ आली, पुढं चालणारी, आणि मागं वळून न बघता मागं केलेला हात, धर म्हणून. वरून भांग आला. त्याच्या पायातला काटा काढायला ती खाली वाकलेली. तोंड दिसत नव्हतं, पण ती दात-ओठ खात होती, जणू काटा तिलाच लागलाय.

हे एकामागून एक नाही आलं. एकदमच आलं, आणि एकाला दुसऱ्याची अडचण झाली नाही.

फोटोतला चेहरा त्यात कुठं नव्हता.

"कुठून दिसली?" बुवांनी हळू विचारलं.

निळकंठनं डोळे उघडले नाहीत.

बुवांनी त्याच्या हातातलं चित्र काढून घेतलं आणि परत खिळ्याला लावलं. थोडं तिरकं बसलं. तसंच राहू दिलं.

"मी शब्द टाकणार नाही," ते म्हणाले. "चुनाही इतक्यात मारू नका म्हणून निरोप देतो. जत्रेला सगळे जमतील. तेव्हा बघू."

"तोवर मी काय करू?"

"कातळपाड्याला जा. भागाबाईकडं भाकरी चांगली असते."

निळकंठ गेला.

भागाबाई अंगणात शेण-काला करून सारवत होती. त्याला बघून तिनं हात थांबवला.

"या, चितारी. दार बघाया आलाय व्हय? गडाला न्हाई, पर घराला हाय. वाकून या तेवढं."

तो वाकून आत गेला. तिनं वाढलं. लसणाची चटणी एवढी तिखट होती की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती म्हणाली, रडू नका, भिंत हाय अजून तिथंच. मग मात्र तिनं त्याला आणखी अर्धी भाकरी घातली आणि दही दिलं.

त्यानं सगुणेबद्दल विचारलं. तेव्हा भागाबाईची थट्टा संपली. तिनं सांगितलं, पोर आता लग्नाची झाली, पण उंबरीला जायचं म्हटलं की अजून गप्प होते. गडाकडं वर बघतच नाही तिथून. चूक माझी, ती म्हणाली. फिरवायचं राहिलं ते राहिलं.

जेवून तो बाहेर आला आणि वर बघितलं.

दोन शिंगं. खाली कडा, काळा-निळा, भिंत पडावी तसा अंगावर येणारा. इथं ऊन केव्हाच गेलं होतं. पण तिकडं उंबरीत या घटकेला तटावर तांबूस ऊन असणार. खुंटीपाशी बसून त्यानं ते रोज बघितलं होतं, आणि त्याच वेळी इथं सावली असते हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

एकच गड. एकच घटका.

तो तिथून चालायला लागला. कातळपाड्याहून घळवाडीकडं, तिथून पुढं, आयांच्या वाटेनं. प्रत्येक गावाशी थांबायचा आणि मान वर करायचा. पाणी भरणाऱ्या बाया एकमेकींना कोपरखळी मारायच्या. बिनपोराचा पुरुष वळसा घालताना त्यांनी कधी बघितला नव्हता.

एकीनं विचारलंच, "कडंवर कोन हाय, चितारी?"

"मीच," तो म्हणाला.

ती हसली नाही. तिनं त्याला ओंजळभर पाणी दिलं.

मग तो धर्मशाळेत शिरला, भिंतीपुढं आडवं जाजम टांगलं आणि कुणाला आत येऊ देईना.

काम सोपं नव्हतं. आधी त्यानं दरवाज्याशेजारी जागा करून शिंगं काढली. ते दोन गड दिसायला लागले, भांडून वेगळे राहिलेल्या भावांसारखे. गावांचं भांडण भिंतीवर आलं. त्यानं ते पुसलं. मग कोपऱ्याकोपऱ्यात चौकटी करून एकेका गावाचा गड छोटा छोटा काढला. ते दुकानात टांगलेल्या देवांच्या तसबिरींसारखं झालं. तेही पुसलं.

मग तो नुसता बसून राहिला.

दरवाज्याशेजारचा बुरूज हे त्याचं सगळ्यात चांगलं काम होतं. त्याच्या कडेवर ऊन असं आलं होतं, की कड कापेल असं वाटावं. त्या एका रेघेसाठी त्यानं कितीतरी संध्याकाळी घालवल्या होत्या.

त्यानं ओला बोळा घेतला आणि ती कड उघडी केली.

त्या उघड्या कडेतून कातळपाड्याची निळी सावली आत आली, आणि बुरुजाचं तांबूस ऊन त्या सावलीत थोडं वाहून गेलं. दगड दगडाला लागला. त्यानं दुसरी कड उघडली. घळवाडीचा उतार दरवाज्यावर आला. खिळे गेले. अर्धा दरवाजा गेला. त्याला वाईट वाटलं, पण त्यानं थांबून बघितलं तेव्हा उरलेला अर्धा दरवाजा आधीच्या सबंध दरवाज्यापेक्षा जड दिसत होता.

बुवांना त्यानं बोलावणं पाठवलं. बुवा आले नाहीत.

जत्रेच्या दिवशी धर्मशाळा भरली. बाया, पोरं, म्हातारी माणसं. घळवाडीच्या लोकांनी चुना भिजवून घमेली तयार ठेवली होती. फसलं तर उगीच खोळंबा नको, म्हणाले. निळकंठला ती घमेली दिसत होती. तो त्यांच्या शेजारीच उभा होता, अंगावर रंग, दाढी वाढलेली, जागरणानं डोळे खोल गेलेले.

दाजीबुवा आले. माणसांनी वाट दिली. ते भिंतीपुढं जाऊन उभे राहिले.

जाजम खाली पडलं.



गड भिंतभर होता. पायथ्याला घरं होती, सगळ्या गावांची, छपराला छप्पर लागून, कुणाचं कुठलं ते कळू नये अशी आणि तरी ज्याला त्याला आपलं सापडावं अशी. त्यांच्यावर खडक, खडकावर तट, तटातूनच पुढं आलेला कडा. कुठं ऊन, त्याला चिकटूनच सांज. दरवाजा अर्धा, त्यावरून उतरणारी परात, आणि सगळ्यांच्या वर ती दोन शिंगं, मागं न राहता पुढं झुकलेली. हिरवा रंग कुठंच थांबत नव्हता. सगळं कललेलं होतं आणि सगळं एकमेकांना धरून होतं.

उंबरीचा एक म्हातारा कुजबुजला, आमचं दार अर्धंच ठेवलं की. त्याला त्याच्याच सुनेनं गप्प केलं.

भागाबाई पदर तोंडाला लावून बघत होती. तिच्या मागून सगुणा पुढं आली. ती भिंतीवरच्या अर्ध्या दरवाज्याखाली गेली, आणि तिथं उभी राहून तिनं सावकाश मान वर केली. मग तिनं आईकडं वळून बघितलं. 

घळवाडीचा एक जण घमेल्याशी वाकला. उचलायचं की नाही, त्याला ठरवता येईना. त्यानं बुवांकडं पाहिलं. मग सगळ्यांनीच बुवांकडं पाहिलं. ते हो म्हणतात की नाही, एवढंच आता राहिलं होतं.

बुवा भिंतीकडं तोंड करून उभे होते. त्यांना दम लागल्यासारखं झालं होतं. एक हात गुडघ्यावर टेकला होता. दुसऱ्या हातानं त्यांनी चाचपून, जवळ येऊन उभ्या राहिलेल्या निळकंठचा खांदा शोधला आणि घट्ट धरला.

लोक वाट बघत राहिले…

"बुवा," निळकंठ त्यांच्या कानाशी म्हणाला, "काहीतरी बोला. सगळे थांबलेत."

बुवांनी भिंतीवरची नजर काढली नाही.

"थांबू दे," ते म्हणाले. "मी अजून चढतोय."